परदेशवासाची कमाई

गेल्या वैशाखातली गोष्ट. बेळगावात आमच्या गल्लीत राहणाऱ्या एक बाई संध्याकाळी घरी आल्या. मुलगा यंत्रशास्त्राचा पदवीधर. पुढील शिक्षणासाठी त्याला परदेशी प्रवेश मिळालेला. घर गहाण ठेवून बँकेचे कर्ज काढायचे ठरले होते आणि कागदावर सही करण्याचा दिवस उद्यावर आला होता. त्या म्हणाल्या, "सर, तुम्ही तिकडे राहून आलात, एवढी वर्षे शिकवलेत. दोनच गोष्टी विचारते. तिकडे जाऊन मुलगा शहाणा होईल ना? आणि परत येईल ना?"

हे दोन प्रश्न आज आपल्यातील असंख्य घरांत विचारले जात आहेत; मग ते घर बेळगावचे असो, बडोद्याचे असो, इंदूर-ग्वाल्हेरचे असो वा गोव्याचे. त्यांची उत्तरे पगाराच्या आकड्यांत शोधण्याची आपल्याला सवय जडली आहे. परंतु पदवी आणि पगार यांपलीकडे परदेशवास माणसाला काय देतो, कसे देतो, आणि दिलेले टिकते कशाने, याचा विचार केल्यावाचून त्या माउलीला प्रामाणिक उत्तर देता येणार नाही. तोच विचार आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

प्रथम 'कसे' याचा विचार करू. आपल्या गावात आपण ज्या सवयींत वाढतो त्या आपल्याला दिसत नाहीत. डोळ्यांवरचा चष्मा जसा डोळ्यांना दिसत नाही, तद्वत. परक्या देशात पाऊल ठेवताच हा चष्मा जागचा हलतो. दार कसे उघडावे, रांगेत कुठे उभे राहावे, गुरुजनांना हाक कशी मारावी, यांसारख्या क्षुल्लक गोष्टींतही जाणता माणूस अडाणी ठरतो. वयाच्या पंचविशीत वा तिशीत पुन्हा एकदा पहिलीच्या वर्गात बसण्याचा हा प्रसंग अपमानास्पद वाटतो खरा. परंतु शिक्षणाचा आरंभ तेथेच असतो.

माझाच अनुभव सांगतो. तिशीच्या आसपास मी दोन वर्षे परदेशातील एका तंत्रशाळेत होतो. पहिल्या दिवशी लेथवरचे काम संपले, मी हात पुसले आणि यंत्र झाडणारा माणूस केव्हा येतो याची वाट पाहत उभा राहिलो. आमच्याकडे ते काम शिपायाचे. इतक्यात आमचे वृद्ध शिक्षक दोन कुंचे घेऊन आले. एक त्यांनी माझ्या हाती दिला आणि दुसऱ्याने स्वतः शेजारचे यंत्र झाडू लागले. ते एक शब्दही बोलले नाहीत. मला मात्र कानकोंडे झाल्यासारखे वाटले.

या कृतीतील शास्त्र मला आठवड्याभराने उमगले. लोखंडाचा कीस झाडताना यंत्राचा प्रत्येक कोपरा हाताखालून जातो. तेल कुठे झिरपते आहे, कोणता बोल्ट सैल झाला आहे, सरकपट्टी कुठे झिजली आहे, हे झाडणाऱ्यालाच प्रथम कळते. झाडणे ही यंत्राची रोजची तपासणी होय. ती ज्याला परिणाम समजत नाही अशा माणसावर सोपवून आपण यंत्रावरची आपली नजरच गमावली होती. अभियांत्रिकीच्या पुस्तकात हे कुठेही लिहिलेले नव्हते. आणि असते तरी कुंचा हाती घेतल्यावाचून मला ते पटले नसते.

परंतु परदेशवास केवळ यंत्रापाशी उभे राहण्याची रीत शिकवीत नाही. माणसाने माणसापाशी कसे उभे राहावे, हेही तो शिकवितो. आणि याचे सर्वांत जळजळीत उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. १९१३ साली बडोदे संस्थानचे अधिपती सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षांची. तेथे जॉन ड्यूई, सेलिग्मन यांसारखे अध्यापक त्यांना लाभले, १९१५ साली एम. ए. ची पदवी मिळाली, हे सर्वश्रुत आहे. त्याहून मोलाची गोष्ट अशी, की त्या वर्षांत वसतिगृहात, ग्रंथालयात वा भोजनगृहात त्यांना त्यांची जात कोणी विचारली नाही. आपण अस्पृश्य आहोत, ही जाणीवच त्या वास्तव्यात मनातून पुसली गेली होती, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे.

आणि परत आल्यावर? शिष्यवृत्तीच्या करारानुसार १९१७ साली ते नोकरीसाठी बडोद्यास आले, तेव्हा एवढ्या मोठ्या शहरात त्यांना राहावयास खोली मिळेना. नाव बदलून ते एका पारशी विश्रामगृहात राहिले. काही दिवसांनी हातात काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथूनही बाहेर काढले. ज्या राज्याने त्यांना समुद्रापार पाठविले, त्याच राज्याच्या राजधानीत ही गोष्ट घडली. परदेशवासाने माणूस मोठा होतो म्हणजे काय होते, याचे उत्तर येथे आहे. मुंबईस वा बडोद्यास राहून जो अन्याय कित्येकांना पावसासारखा निसर्गसिद्ध वाटत होता, तो मनुष्यनिर्मित आहे आणि म्हणून मोडता येण्याजोगा आहे, ही प्रचीती त्यांनी अनुभवाने गाठीशी बांधून आणली होती. पुढे १९१८ साली ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापक झाले. त्या पगारातून शिल्लक टाकून, शाहू महाराजांचे साहाय्य घेऊन, १९२० साली अपुरे शिक्षण पुरे करण्यासाठी ते पुन्हा लंडनला गेले. शिकवून मिळविलेल्या पैशावर शिकणे आणि शिकलेले पुन्हा शिकविणे, असे हे चक्र होते. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उभे राहिले. १९५० साली तेव्हाच्या हैदराबाद राज्यातील औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, जे महाविद्यालय त्यांनी सुरू केले ते पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपास आले. कोलंबियातील कमाई अशा रीतीने मराठवाड्यातील मुलांच्या पदरात पडली.

आता दुसरा मुद्दा. परदेशात पाहिलेली वस्तू जशीच्या तशी उचलून आणता येते काय? येत नाही. रोप एका मातीतून दुसऱ्या मातीत लावताना माळी जी मशागत करतो, ती विद्येच्या बाबतीतही करावी लागते. सयाजीराव महाराजांना हे पुरते ठाऊक होते. १८९० साली त्यांनी बडोद्यास कलाभवन ही तंत्रशिक्षणाची शाळा काढली. तिचे प्रमुख रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जर यांचा आग्रह असा, की रंगकाम, विणकाम, यंत्रकाम हे विषय कारागिराच्या मुलाला त्याच्या स्वतःच्या भाषेत कळले पाहिजेत. ज्ञान युरोपातले, परंतु दार उघडावयाचे देशी भाषेच्या किल्लीने. तेच कलाभवन पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रविद्या शाखेत विलीन झाले.

ग्रंथालयांची कथाही अशीच. १९०६ सालच्या अमेरिकेच्या प्रवासात महाराजांनी तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहिली. पाहून हळहळणारे प्रवासी पुष्कळ असतात. महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यास आणविले. बॉर्डन सुमारे तीन वर्षे राहिले. त्या अवधीत मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले, आणि जेथे इमारत बांधणे शक्य नव्हते त्या खेड्यांसाठी पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या गावोगाव फिरू लागल्या. परंतु या सर्वांत दूरदर्शीपणाची गोष्ट म्हणजे १९११ साली सुरू झालेला ग्रंथपालांचा वर्ग. परदेशी तज्ज्ञ आज ना उद्या परत जाणारच. तो जाण्यापूर्वी त्याची विद्या दहा देशी हातांत उतरली पाहिजे, हा हिशेब त्यामागे होता.

कलाभवनाच्याच एका विद्यार्थ्याने या सूत्राचे रम्य प्रात्यक्षिक पुढे करून दाखविले. धुंडिराज गोविंद, म्हणजेच दादासाहेब फाळके, तेथे चित्रकला आणि छायाचित्रण शिकले होते. चलच्चित्राच्या ध्यासाने १९१२ च्या आरंभी ते लंडनला गेले. त्यांचे वास्तव्य फार थोड्या दिवसांचे होते. सेसिल हेपवर्थ या चित्रनिर्मात्याच्या कलागृहात त्यांनी काम पाहिले, विल्यमसन बनावटीचा कॅमेरा आणि फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र विकत घेण्याची व्यवस्था केली आणि त्याच वसंतात ते परत आले. इतक्या अल्प काळात एक कला कशी आत्मसात होते? कारण छायाचित्रण, छपाई, रसायने यांवर त्यांचे हात अगोदरच वीस वर्षे चाललेले होते. तयारी करून गेलेल्याला थोडे दिवस पुरतात. तयारीविना गेलेल्याला अनेक वर्षेही पुरत नाहीत.

परत आल्यावर त्यांनी शाळाच काढली म्हणावयाची. फरक इतकाच, की ती राहत्या घरात होती. फिल्मला भोके पाडणे, ती धुणे, ही कामे त्यांनी पत्नी सरस्वतीबाईंना शिकविली. कुंडीतल्या रोपाची वाढ दिवसागणिक टिपून त्यांनी एक लघुपट केला आणि तो दाखवून भांडवल उभे केले. ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत लोकांसमोर आला. लंडनहून आणलेली विद्या घरच्या अंधाऱ्या खोलीत दुसऱ्या हाताला शिकविली गेली नसती, तर तो कॅमेरा एक महागडे खेळणे होऊन पडला असता.

येथे एक शंका येणे साहजिक आहे. ज्यांना परदेशी जाणे शक्य नाही, त्यांना ही वाढ नाकारलेलीच समजावयाची काय? बेळगावकरांना याचे उत्तर घरचेच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षकाची नोकरी केली. नंतर बेळगावात ते सायकली विकीत आणि लोकांना त्या चालवावयास शिकवीत. परदेशी विद्यालयाची पायरी ते चढले नव्हते. परंतु परदेशी मासिके आणि यंत्रांची सूचीपत्रे यांचे वाचन त्यांनी एखाद्या विद्यार्थ्याच्या निष्ठेने केले. त्यातून कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर तयार झाला. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपावयास फार दिवस लागले. शेतकऱ्याला समजावणे, त्याच्याच शेतात नांगर चालवून दाखविणे, हेही एक अध्यापनच होते. १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली. पुढे त्यांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये शिकून १९२६ साली पदवीधर झाले, ते याच कारखान्याच्या कामाला लागण्यासाठी. पहिल्या पिढीने घरी बसून परदेश वाचला होता, म्हणूनच दुसऱ्या पिढीला तिकडे काय पाहावे हे कळले.

आता त्या बाईंच्या दुसऱ्या, अधिक नाजूक प्रश्नाकडे वळू. परत येईल ना? या प्रश्नाच्या दोन बाजू दोन मराठी माणसांनी आपल्या आयुष्याने दाखविल्या आहेत.

पहिले गोव्याचे धर्मानंद कोसंबी. साखवाळसारख्या खेड्यात जन्मलेला हा माणूस बौद्ध धर्माच्या अध्ययनासाठी खिशात जवळजवळ काही नसता घराबाहेर पडला. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश असा त्यांचा प्रवास झाला. पाली भाषेवर त्यांनी असे प्रभुत्व मिळविले की पुढे हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना बोलाविले. परंतु तत्पूर्वी सयाजीराव महाराजांनी त्यांना दरमहा पन्नास रुपये देऊ केले होते. अट एवढीच, की त्यांनी महाराष्ट्रात कुठेही राहावे आणि वर्षाला एक पुस्तक लिहून द्यावे. कलकत्त्याची अधिक पगाराची नोकरी सोडून कोसंबींनी ही अट पत्करली. मिळविलेली विद्या आपल्या भाषेतल्या वाचकाला दिली पाहिजे, एवढेच त्या अटीचे मर्म.

दुसरे वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे. टिळकांच्या विचारांनी भारलेला हा तरुण विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जपानमार्गे अमेरिकेत गेला. अंगमेहनत करून पोट भरीत त्यांनी पश्चिम किनाऱ्याकडील प्रांतांत कृषिशास्त्राचे शिक्षण घेतले आणि गदर चळवळीच्या उभारणीत भाग घेतला. त्यामुळे स्वदेशाची दारे त्यांना बंद झाली. अशा माणसाने काय करावे? १९२४ साली ते मेक्सिकोत पोहोचले. राजधानीजवळच्या चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात ते प्राध्यापक झाले. मका आणि गहू यांच्या वाणांवर त्यांनी संशोधन केले. परंतु विद्यालयाच्या भिंतींत त्यांचे मन मावेना. शेतमजुरांच्या मुलांसाठी त्यांनी मुक्त कृषिशाळा काढल्या. या कामी दिएगो रिव्हेरा या थोर भित्तिचित्रकाराचा त्यांना पाठिंबा होता. रिव्हेराच्या एका भित्तिचित्रात भाकरी वाटून देणाऱ्या माणसाच्या रूपात खानखोजे दिसतात असे म्हणतात. स्वातंत्र्यानंतर, आयुष्याच्या उत्तरार्धात, ते मायदेशी परतले आणि १९६७ साली नागपुरात निवर्तले. २०२२ साली चापिंगोच्या विद्यापीठात त्यांचा पुतळा उभारला गेला.

कित्येक दशके हा माणूस परत आला नाही. त्यांची विद्या वाया गेली, असे कोण म्हणेल? ज्या भूमीने आसरा दिला तिच्या शेतकऱ्याला त्यांनी ती दिली. म्हणून मला वाटते, की परत येण्याचा प्रश्न विमानाच्या तिकिटाशी जितका निगडित आहे, त्याहून अधिक माणसाच्या वृत्तीशी आहे. मिळविलेले जो स्वतःपाशीच साठवितो, तो गावी परतला तरी गावाला दुरावलेलाच. आणि जो शिकवीत राहतो, तो कुठेही असला तरी कोणाच्या ना कोणाच्या उपयोगी पडतोच.

शिवाय, येणेजाणे हे सर्वस्वी आपल्या हाती नसते, हेही ओळखून असावे. अमेरिकेचेच पाहा. १९१७ च्या कायद्याने तेथे हिंदी माणसाच्या स्थलांतरावर बंदी आली. १९४६ साली वर्षाकाठी अवघ्या शंभर जणांना मुभा मिळाली. १९६५ च्या कायद्याने जन्मदेशावर आधारलेली जुनी पद्धत मोडली, तेव्हा कोठे आपले अभियंते आणि डॉक्टर मोठ्या संख्येने जाऊ लागले. संगणकाच्या व्यवसायातील लोक ज्या परवान्यावर जात आले, तो १९९० च्या कायद्याने निर्माण झाला. ही दारे त्या त्या देशांच्या सोयीने उघडतात आणि मिटतात. ज्याने परदेशी नोकरीवरच सर्व भिस्त ठेवली, तो एका आदेशासरशी उघडा पडतो. ज्याने हात, दृष्टी आणि विचारण्याचे धैर्य कमावले, त्याची कमाई कोणत्याही सीमेवर जप्त होत नाही.

शेवटी, परत येणाऱ्यांविषयी एक अनुभवाचा शब्द. मी परत येऊन शिकवू लागलो तेव्हा पहिले वर्षभर माझ्या तोंडी सारखे 'तिकडे असे असते' हेच होते. मुले माझ्यामागे हसत. मी त्यांच्या हाती कुंचे दिले, तर एका पालकाने तक्रार केली, की मुलाला झाडूवाला करण्यासाठी आम्ही फी भरीत नाही. वर्ष संपले तरी एकाही यंत्राची स्थिती सुधारली नव्हती. तेव्हा मला माझे वृद्ध शिक्षक आठवले. त्यांनी मला व्याख्यान दिले नव्हते. दुसऱ्या वर्षापासून मी 'तिकडे' हा शब्द टाकून दिला आणि तास संपल्यावर स्वतःच कुंचा घेऊन पहिले यंत्र झाडू लागलो. पहिल्या दिवशी मुले नुसती पाहत राहिली. तिसऱ्या दिवशी एकाने येऊन माझ्या हातातला कुंचा घेतला, आणि आठवड्याच्या आत त्यानेच मला दाखविले, की मागच्या बाजूने तेल गळते आहे. परदेशी घालविलेली माझी दोन वर्षे त्या दिवशी सार्थकी लागली.

त्या बाईंना मी जे सांगितले तेच येथे सांगतो. कर्ज काढताना पुरता हिशेब करा. नोकरी लगेच मिळाली नाही तरी हप्ता झेपेल ना, हे आधी पाहा. मुलाला जाण्यापूर्वी स्वयंपाक, कपडे धुणे आणि मोकळेपणाने प्रश्न विचारणे, या तीन गोष्टी शिकवा. आपल्याच माणसांच्या कोंडाळ्यात राहू नकोस, हेही बजावून ठेवा. तसे राहिले तर गाव बदलते, माणूस बदलत नाही. आणि तो गेल्यावर दर रविवारी फोनवर 'कधी येणार?' असे विचारून त्याला कोंडीत पकडू नका. विचारायचेच तर एवढे विचारा, "या आठवड्यात तू नवीन काय शिकलास, आणि ते कोणाला शिकवलेस?"

बाई क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे परत येईलच असे काही तुम्ही सांगत नाही." मी म्हणालो, "ते मला सांगता येणार नाही. पण या प्रश्नाचे उत्तर त्याच्यापाशी तयार असेल, तर तो शहाणा झाला असे खुशाल समजा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कागदावर सही केली. मुलगा गेला आहे. मागच्या आठवड्यात त्याचा फोन आला होता. भाषा नीट न येणाऱ्या एका परदेशी सहाध्यायाला तो रोज संध्याकाळी गणित समजावून सांगतो, असे बाईंनी मला अभिमानाने सांगितले. परत केव्हा येणार, ते त्यांनी विचारले नाही, आणि मीही नाही.